दगड शेवटच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर

विजय नगर, जबलपूर

प्रिय अवंती,
(आणि मांडीवर बसून हा कागद ओढत असेल तर प्रिय नर्मदाही,)

बुरशी धरलेल्या व्हिडिओ कॅसेट वाळवायची पेटी मी केली. सागाच्या फळ्या, आत साधा पिवळा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, आणि हवा एकीकडून शिरून दुसरीकडून निघावी म्हणून मध्ये एक तिरपी पट्टी. कॅसेट हळू गुंडाळायचं यंत्र शिलाई मशीनच्या मोटरवर मी केलं, कारण बाजारात मिळतं ते टेप ओढतं आणि ओढलेली जुनी टेप तुटते. सायकलच्या चाकांवर फिरणारी कॅमेऱ्याची गाडी मी केली. तुझ्या आईच्या गळ्यात असते ती पाटी मी केली. तिची चौकट शिवण झाडाच्या हलक्या लाकडाची आहे, सागाची मानेला जड झाली असती. कोपरे घासून गोल केले, लिहिताना मनगटाला लागू नयेत म्हणून. आईला हाक मारता येत नाही, तर प्रत्येक खोलीत तिच्या हाताशी एक बटणांची पट्टी बसवली आणि माझ्या टेबलावर तिचे दिवे: पिवळा म्हणजे ‘या’, लाल म्हणजे ‘लवकर या’. तिने हट्टाने हिरवाही बसवून घेतला. त्याचा अर्थ ‘तुमचं चुकलं’. सगळ्यात जास्त तोच लागतो. आणि इंटरनेटवरचा आईचा ‘वसुधा मॅडमचा भूविज्ञान वर्ग’, पहिल्या कॅसेटपासून शेवटच्या सूचीपर्यंत, मी केला. बारावीला दोनदा बसलेल्या माणसाने, वाचून, उघडून, बिघडवून आणि परत जोडून. अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

हे सगळं काहून लिहून राहिलो? कारण रविवारी फोनवर तू म्हणालीस, ‘बाबा, तुम्हाला नव्या मशीनची भीती वाटते, दुसरं काही नाही.’ पण ज्याने आयुष्यभर मशीनच्या पोटात हात घातले त्याला मशीनची भीती वाटत नाही, एवढं आधी नोंदवून ठेवतो. मग पुढचं.

सचिनची ती ॲपवर शिकवणारी कंपनी आईचा आवाज मागते आहे आणि तुला वाटतं, द्यावा. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं त्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासून तिचा आवाज फक्त माझ्या कपाटात आहे. नर्मदेला आजी म्हणजे टाळ्या वाजवणारी, गाल फुगवून दाखवणारी बाई. कंपनी म्हणते, कॅसेट द्या, आम्ही यंत्राला तो आवाज शिकवू. मग मॅडम मोबाइलवर लिहितील आणि बोलणं त्यांच्या आवाजात निघेल. हे सांगताना तू फोन लांब धरलास. तरी तुझं नाक ओढणं मला ऐकू आलं. आवाज ऐकण्याचंच काम करतो मी. म्हणून तुला घाईने उत्तर दिलं नाही, आणि म्हणून आता सगळं क्रमाने लिहितो. यातलं बरंच तुला ठाऊक आहे, पण क्रमाने मांडलं की मला नीट दिसतं.

कमानिया गेटजवळ माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. देव झोपले की लग्नं बंद, आणि देव उठेपर्यंत कॅमेरा कापडाखाली. नेमक्या त्याच महिन्यांत आईच्या कॉलेजात वर्ग भरात असत, आणि नेमक्या त्याच महिन्यांत मंडला-डिंडोरीकडची मुलं धानाच्या रोपणीला घरी जात. परत येईपर्यंत त्यांचे दगड, थर, जीवाश्म सगळं पुढे निघून गेलेलं असायचं. एक दिवस पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, ‘तुमचे नवरदेव झोपले आहेत तोवर माझे दगड शूट करून द्या.’ मी दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन वर्गात. श्रीकांतमामाने ऐकलं मात्र, त्याला विषय मिळाला. त्यांचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, दफ्तरातली माणसं. आमचे आजोबा वर्ध्याकडून पोटासाठी आलेले. बहिणीने लग्न केलं ते एका ‘शादीवाल्या’शी, हे त्याला कधी पचलं नाही. म्हणाला, ‘काय अच्युतराव, आता दगडांच्याही रिसेप्शनला जाऊन राहिले का?’ मी म्हटलं, ‘हो. हे पाहुणे रसगुल्ल्यासाठी भांडत नाहीत.’ तर असे ते वर्ग झाले. म्हणून आपल्या प्रत्येक कॅसेटवर पाऊस आहे, पत्र्यावर वाजणारा. लग्नाच्या दिवसांतला एकही वर्ग नाही.

आईची शिकवायची एक पद्धत होती. दगड पहिल्या बाकावर दिला की तो शेवटच्या बाकावरच्या शेवटच्या हातात पोचेस्तोवर ती पुढचा एक शब्द शिकवत नसे. फळ्याला टेकून उभी राहायची. हातात दगड असला की कान काम करत नाहीत, असं तिचं म्हणणं. कोणी घाईने पुढे सरकवला तर म्हणायची, ‘अरे, गरम थोड़े है।’ आणि प्रत्येक दगडाला एक चिठ्ठी डकवलेली असायची: कुठे मिळाला, कधी, कोणी उचलला. चिठ्ठी निघून पडलेला एक सुंदर दगड एका मुलाने टेबलावर आणून ठेवला होता, तुला आठवत नसेल. आईने तो खिडकीतून बाहेर ठेवायला सांगितला. ‘ज्याची जागा माहीत नाही तो दगड म्हणजे गिट्टी. रस्त्यावर टाकायच्या कामाचा.’ त्या मुलाचा चेहरा पडला, तो मी टिपला आहे.

लॉकडाउनमध्ये कॉलेजं बंद पडली तेव्हा मी हे वर्ग नेटवर चढवायला घेतले. मी पडलो नीटनेटका माणूस. बुरशी काढली, पाऊस कमी केला, फळ्यावरचं अक्षर उजळ केलं, आणि दगड फिरतानाची ती सगळी शांतता कापून टाकली. माझ्या दृष्टीने ती रिकामी टेप होती. लग्नाच्या कॅसेटमध्ये आपण पंगत वाढेपर्यंतचा वेळ कापतो तशी. कापल्याची जागा कोणाला सापडणार नाही असं सफाईचं काम. त्याचाही अभिमान होता.

गेल्या वर्षी डिंडोरीकडून शर्मिला मरावीचा फोन आला. तिचं नाव तू ऐकलं आहेस. गावच्या शाळेत शिकवते आणि संध्याकाळी पंचायतीच्या खोलीत टीव्हीला मोबाइल जोडून मोठ्या मुलींना आईचे वर्ग दाखवते. कॉलेज त्यांना लांब पडतं. आवाज एकदम करारी. ‘भैयाजी, मैडम बोलती हैं पत्थर आगे बढ़ाओ। हमारा पत्थर दूसरी लड़की तक पहुँचता नहीं कि मैडम आगे निकल जाती हैं। इतनी जल्दी काहे की है?’ मी विचारलं, तुमच्याकडे कुठला पत्थर? तर म्हणे, ‘नाले का। मैडम वाला ही है, काला, छेद वाला। फोटो भेजूँ?’ फोटो आला. बसाल्ट होता, त्यातल्या छिद्रांत पांढरे दाणे भरलेले, अगदी मॅडमवालाच. मी समजावून सांगितलं की दीदी, वो बीच में खाली जगह थी, इसलिए हटाई। ती म्हणाली, ‘खाली कहाँ भैयाजी? पत्थर तो हम लोग उसी में देखते हैं।’

टेबलावर हिरवा दिवा लागला. आई आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होती.

मग काय, पेटीतून कॅसेट परत काढल्या आणि कापलेली शांतता जागच्या जागी लावायला बसलो. ते काम अजून पुरतं झालेलं नाही. तिथल्या मुली आता दगड शेवटपर्यंत फिरवतात. आणखी एक गंमत सांगतो. आई हिंदीत शिकवायची, पण थर मोजायला लागली की मराठीत शिरायची. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. त्यामुळे त्या पंचायतीच्या खोलीत गोंडांच्या मुली खडकाचे थर मराठीत मोजतात. शर्मिलाला वाटलं तो भूविज्ञानाचा नियमच आहे. आईला हे सांगितलं तेव्हा तिला ठसका लागला.

आता सचिनचं. तू पाठवलास तो मुलगा चांगला आहे. वाकून नमस्कार केला, पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले, पेटी कशी केली ते नीट विचारलं. आपल्या नेटवरच्या पानावरचे दोन-तीन वर्ग घेऊन त्यांनी यंत्राकडून एक नमुना बोलवून आणला होता, आईने कधीच न घेतलेल्या एका वर्गाचा. मी हेडफोन लावून चूक शोधत ऐकला. आवाज आईचाच. ‘देखो’ म्हणताना तिचा स्वर शेवटी जरा वर जातो, तोसुद्धा. पाऊस नाही, खोकला नाही, मोजणी शुद्ध हिंदीत. मध्ये ती म्हणते, ‘अब यह पत्थर आगे बढ़ाइए,’ आणि श्वास न घेता पुढचं वाक्य सुरू. मी सचिनला म्हटलं, ही थांबत नाही. तो म्हणाला, ‘पॉज़ डाल देंगे सर। कितने सेकंड का चाहिए?’ मी म्हटलं, ते वर्गात किती जण बसले आहेत त्यावर आहे. त्याने ते लिहूनही घेतलं. तेवढ्यात आईने पाटी पुढे केली. ‘बाई छान बोलते. पण हिच्या हातात दगड कुठे आहे?’

इथवर माझं ठरल्यासारखं होतं. मग सचिनने आईच्या हातात फोन दिला. म्हणाला, आंटी, आप कुछ भी लिखिए। आईने लिहिलं, बटण दाबलं, आणि या खोलीत तिचा आवाज म्हणाला, ‘अहो, दूध उतू जाऊन राहिलं!’

अवंती, मी धावलो. गॅस बंद होता. दूध अजून पिशवीतच, फ्रीजमध्ये. मी ओट्याला धरून उभा राहिलो. परत आलो तेव्हा आई हसत होती, तिचं ते खांदे हलवणारं बिनआवाजाचं हसू, आणि सचिन पोह्याची बशी हातात घेऊन उभाच होता, माझं तोंड बघून घाबरला असावा. मी तोंड धुऊन आलो. तेव्हा भीतीचं म्हणशील तर ती अशी आहे. ते यंत्र तुझ्यापेक्षा मलाच जास्त हवं होतं. त्यानंतरचे दोन दिवस टेबलावर पिवळा दिवा लागला की मी दिव्याऐवजी आवाजाची वाट बघायचो. आईच्या ते लक्षात आलं होतं, ती काही बोलली नाही. म्हणजे लिहिलं नाही.

अटी मी चष्मा लावून ओळ न ओळ वाचल्या. सगळ्या कॅसेट त्यांच्या. आवाज कायमचा त्यांचा, कुठल्याही विषयासाठी, कुठल्याही भाषेत, जाहिरातीसुद्धा. आणि आपलं पान बंद करायचं. जे आज फुकट आहे ते महिन्याची फी भरून त्यांच्या ॲपवर. मी सचिनला विचारलं, पान चालू ठेवून बाकीचं घ्या की. तो खरं बोलला, ‘सर, जो चीज़ फ्री में पड़ी है, उसे खरीदेगा कौन?’ मग शेवटचं विचारलं: ऐकणाऱ्या मुलीला कळेल का की यातलं कुठलं वाक्य मॅडम स्वतः बोलल्या होत्या, आणि कुठलं तुम्ही बोलवून घेतलं? सचिनचा चेहरा एकदम खुलला. त्याला वाटलं मी कौतुक करतो आहे. ‘पता ही नहीं चलेगा सर। वही तो खूबी है।’

मी त्याच्यावर रागावलो नाही. त्याच्या कामात तो चोख आहे. पण आईचं एकेक वाक्य माझ्याकडे जागेसकट आहे. कुठल्या खोलीत, कुठल्या श्रावणात, समोर कोण, हातात कुठला दगड. एकदा ‘लमेटा’ आणि ‘जबलपुर’ या दोन थरांची ती अदलाबदल करून बसली, दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन पहिलं वाक्य बोलली, ‘कल मैंने गलत पढ़ाया,’ तेही आहे. यंत्राचं वाक्य कुठेच बोललं गेलेलं नाही. ते कोणाच्या समोर बोललं गेलेलं नाही. उद्या त्यात चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी येऊन सांगणार कोण? कितीही सुंदर असलं तरी त्याला आई एकच शब्द वापरेल, गिट्टी, आणि तो शब्द तिच्याच आवाजात निघावा अशी माझी इच्छा नाही.

तरी मी तिला विचारलं. शेवटी आवाज तिचा; मी फक्त कपाटवाला. तिने पाटीवर लिहिलं, ‘अवंतीला हवा असेल तर द्या.’ वाचलं की लगेच हाताने पुसलं, आणि हे तुला सांगायचं नाही असं बोटाने बजावलं. तिचं ऐकायला हवं होतं. सांगून टाकलं.

नर्मदेसाठी यासोबत एक पेनड्राइव्ह पाठवतो. गेल्या आठवड्यात शांतता परत लावताना हे सापडलं. तू सहा वर्षांची, शाळेला सुट्टी, म्हणून आईबरोबर वर्गात आलेली, सगळ्यात मागच्या बाकावर. दगड फिरत फिरत तुझ्याकडे आला आणि तू तो सोडलाच नाहीस. सगळा वर्ग वळून बघतो आहे. आई फळ्याजवळून चालत मागे येते, तिच्या पदराला माझा माइक, पावलं ऐकू येतात. म्हणते, ‘पोटभर बघून घे. मग दे.’ तू विचारतेस, ‘हा कोणाचा आहे?’ आई म्हणते, ‘कोणाचाच नाही गं.’ त्यावर तू, अगदी वकिलासारखी, ‘मग मी घरी नेते.’ आणि वर्ग हसतो, आणि आई हसते, आवाज फुटून, पावसाच्या वर. हे हसू मी रिकामी जागा म्हणून कापून ठेवलं होतं. नर्मदेला मांडीवर घेऊन ऐकव. ती मराठी बोलत नसली तरी तिला समजते, आणि हसण्याला भाषा लागत नाही. चिठ्ठी मी डकवली आहे: कॉलेजची मागची खोली, भाद्रपद, बसाल्ट, बोलणारी तिची आजी. असे आणखी तुकडे निघतील. निघाले की पाठवत जाईन. त्यात नर्मदेचं नाव कधीच येणार नाही, हे मला माहीत आहे. ते यंत्राकडून तुला मिळालं असतं, आणि माझ्याकडून मिळणार नाही.

आता हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते. नाही मी म्हटलं आहे, आईने नाही. तिचा होकार होता, तुझ्यासाठी. पुढे कधी, आम्ही नसताना म्हण, रात्री तुला तिचा आवाज हवासा वाटेल आणि हा निर्णय आठवून राग येईल, तेव्हा तो राग माझ्यावर कर. आईला त्यात ओढू नकोस. सचिनशीही बोलणं सोडू नकोस. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुला हे माझ्या अक्षरात कळावं, आणि आकडाही बरोबर कळावा, कारण श्रीकांतमामाला सुगावा लागला तर तो दुप्पट करून सांगेल. शुक्रवारी मी कंपनीला लेखी कळवलं. आईच्या सगळ्या कॅसेट आणि तिचा आवाज कायमचा घ्यायचा, बदल्यात तिला बोलायचं यंत्र जन्मभर द्यायचं, आणि वर रक्कम, असा त्यांचा प्रस्ताव होता. तो मी परत केला. रक्कम सव्वीस लाख रुपये होती.

तुझाच,
बाबा